सेरोवेची चावडी आणि काका-पुतण्याचा वाद

गॅबोरोन, रविवार

तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार.

बोट्स्वानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांचा काकांशी गादीवरून काय वाद झाला, हे तुम्ही विचारले होते. परवा सेरोवेला जाऊन आलो, म्हणून सविस्तर लिहितो.

सेरोवे हे बांग्वातो जमातीचे गाव. सेरेत्सेंचे वडील 1925 मध्ये वारले तेव्हा वारस जेमतेम चार वर्षांचा, म्हणून काका त्शेकेदी कॉलेज अर्धवट सोडून कारभार पाहू लागले. काका-पुतण्या म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे शनिवारवाडा येतो, पण या काकांनी पुतण्याला पोटच्या मुलासारखे वाढवले आणि शिकायला विलायतेला धाडले. तिथे सप्टेंबर 1948 मध्ये सेरेत्सेंनी परस्पर रूथ विल्यम्स या इंग्रज मुलीशी लग्न केले आणि घरात बिनसले. राजाचे लग्न जमातीच्या संमतीनेच व्हायला हवे, यावर काका अडून बसले.

हा वाद ज्या खोत्ल्यात, म्हणजे जमातीच्या चावडीत, चालला ती जागा मी पाहिली. जाड लाकडी ओंडके जमिनीत उभे रोवून केलेला अर्धवर्तुळाकार आडोसा, बाकी मोकळे आवार. हिने पँट घातली होती, तर आत जाण्यापूर्वी एका आजींनी तिला कमरेभोवती गुंडाळायला कापड दिले. जून 1949 मध्ये इथेच सेरेत्सेंनी विरोधकांना उभे राहायला सांगितले तेव्हा मोजकी माणसे उठली, आणि पाठीराख्यांना सांगितले तेव्हा हजारोंचा समुदाय उठला.

माझ्या मते वाद तिथेच मिटला होता. पण शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत मलान यांच्या सरकारने त्याच वर्षी मिश्रविवाहबंदीचा कायदा केला होता, आणि तेव्हा बोट्स्वानावर राज्य करणाऱ्या ब्रिटनला तिथले सोने व युरेनियम हवे होते. ब्रिटिशांच्या चौकशी समितीने राजा म्हणून सेरेत्सेंची लायकी मान्य करूनही शेजारी नाराज होतील म्हणून त्यांना नाकारले. तो अहवाल सरकारने कित्येक वर्षे दडपून ठेवला. 1950 मध्ये चर्चेच्या निमित्ताने लंडनला बोलावून त्यांना हद्दपार केले, 1952 मध्ये ही बंदी कायमची केली. त्या वर्षी सहा बांग्वातो दाद मागायला लंडनला गेले आणि हात हलवत परतले. मला आपल्या साताऱ्याचे रंगो बापूजी आठवले. जमातीने मात्र दुसरा राजा निवडायला साफ नकार दिला.

शेवटी 1956 मध्ये काका-पुतण्या दोघांनीही गादीवरचा हक्क सोडला, तेव्हा कुठे सेरेत्सेंना सामान्य नागरिक म्हणून घरी येऊ दिले. दहा वर्षांनी ते स्वतंत्र देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले.

खोत्ल्यामागच्या टेकडीवर राजघराण्याची दफनभूमी आहे. सेरेत्सेंच्या आजोबांच्या कबरीवर जमातीचे देवक असलेले छोटे हरीण ब्राँझमध्ये घडवलेले आहे, आणि ज्यांच्यावरून एवढे रामायण घडले त्या रूथबाई तिथेच पतीशेजारी विसावल्या आहेत. फोटो सोबत पाठवत आहे. आईला हरणाचा जरूर दाखवावा.

तिला सा. नमस्कार.

तुमचा आज्ञाधारक,
अविनाश