सुईचा नंबर नको, मिलिमीटर छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी झाली की आमच्या साताऱ्यात यवतेश्वरच्या बाजूनं गार वारा सुटतो आणि त्याच सुमारास तुमच्या पुरवणीत स्वेटर-टोप्यांचे नमुने यायला लागतात. मी ते सगळे कापून वहीत चिकटवते, तीसेक वर्षं हेच चाललंय. पण मधली दोन वर्षं अशी गेली की मी सुईवर एक टाका घातला नाही. त्याबद्दलच लिहितेय, कारण माझ्यासारख्या बऱ्याच जणी असणार, कपाटावर पिशवी, पिशवीत अर्धा स्वेटर, आणि तिकडं बघायचंच नाही असं ठरवलेलं.

झालं असं की पुतणीनं मोबाईलवर एक अमेरिकन नमुना पाठवला, ह्यांच्यासाठी, 42 इंच घेराचा स्वेटर, 8 नंबरच्या सुया, पाठीला 95 टाके. 8 नंबरच्या सुया माझ्याकडं होत्याच. महिनाभर रोज रात्री जेवणं आवरली की बसायचे, पाठ झाली, पुढचा भाग झाला, शिवायच्या आधी ह्यांच्या अंगाला लावून बघितलं तर दोन्हीकडनं तीन-तीन बोटं कमी. ते म्हणाले असू दे गं, आत बनियनसारखा घालीन. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मग शाल घेतली, मरून रंगाची. लोकर कमी पडली म्हणून त्याच शेड नंबरची अजून आणली, पण लॉट, म्हणजे रंगवायची खेप, वेगळा होता. दुकानातल्या उजेडात एकच वाटली, घरी उन्हात धरली तर शालीच्या मधोमध वेगळाच पट्टा. आणि तिसरं म्हणजे भाच्यानं मनालीहून आणलेल्या खऱ्या लोकरीची टोपी, ती मी गरम पाण्यात चोळून धुतली आणि आटून वाटीएवढी झाली. आपण सगळ्यालाच लोकर म्हणतो पण दुकानात मिळते ती बहुतेक ॲक्रिलिक असते, ती अशी आटत नाही. मेंढीच्या लोकरीच्या तंतूला बारीक खवले असतात, गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकून बसतात ते परत सुटतच नाहीत. माझं माहेर माण तालुक्यातलं, घोंगडी बघत मोठी झाले, आणि हे मला माहीत नव्हतं याचं फार वाईट वाटलं.

आता कळतंय की तिन्ही वेळा माझा हात ठीकच होता, माहिती कमी पडली. पण तेव्हा वाटलं की संपलं आपलं, डोळे गेले, हात गेला, आता ऑनलाईन मिळतात की तीनचारशेला स्वेटर. सुया पिशवीत टाकल्या आणि पिशवी वर.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत ती खाली आली. टाकून देणार होते, पण लोकर चांगली होती, म्हणून सहज एक टोक ओढलं. उसवता उसवता दुपार गेली. खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लड केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात भिजवून सावलीत टांगली, दुसऱ्या दिवशी दोऱ्याच्या सगळ्या वळ्या गेल्या. संध्याकाळी ह्यांनी दोन हातांवर लड धरली आणि मी गुंडा केला, माझ्या लहानपणी आई मला असंच हात पुढं करून बसवायची. त्या दिवशी विणलं काहीच नाही पण मन हलकं झालं, त्या स्वेटरचं ओझं होतं ते गेलं.

शेजारच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलेलं, तिच्यासाठी टोपडं घातलं, 72 टाके, एक सुलट एक उलट, डिझाईन नाही काही नाही. दोन संध्याकाळी लागल्या. दोन वर्षांनी काहीतरी पुरं होऊन सुईवरनं उतरलं. त्याच आठवड्यात अजून दोन केली.

आणि तेव्हाच पट्टी घेऊन मोजायला बसले. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या इंग्लंडच्या पद्धतीचे, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड. आपली 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, त्यांची 8 म्हणजे 5 मिलिमीटर, आपली 6 नंबर. त्यांची लोकरही जाड. त्या नमुन्यात 4 इंचात 18 टाके धरलेले, माझे बसत होते 22. म्हणजे 95 टाक्यांत 21 इंचाच्या जागी जेमतेम सव्वासतरा इंच, दोन्ही भाग मिळून साडेसात इंच कमी! आधी चार-पाच इंचाचा चौकोन विणून पट्टी लावली असती तर अर्ध्या तासात कळलं असतं, महिना गेला नसता.

म्हणून संपादकसाहेब, एक कळकळीची विनंती आहे. नमुना छापताना नुसतं "8 नंबरच्या सुया" एवढंच न देता सुई किती मिलिमीटरची, 4 इंचात किती टाके बसायला हवेत आणि लोकर किती प्लायची, म्हणजे किती पदरी, हे तीन आकडे द्याच. दोन ओळींची जागा लागेल. लोकर एकाच लॉटची आणि एखादा गुंडा जास्तच घ्या हेही लिहा, आणि कधीतरी एका कोपऱ्यात गळलेला टाका क्रोशाच्या सुईनं एकेक ओळ वर कसा आणायचा ते चित्रासकट द्या, कारण दहा ओळी खाली टाका गळलेला दिसला की नवीन मुली सगळं उसवतात आणि परत हात लावत नाहीत, माझ्या डोळ्यासमोर दोघीतिघींचं असं झालंय.

ह्यांचा स्वेटर परत घातलाय. तीच लोकर, त्याच सुया, पण टाके 116. पाठ काखेपर्यंत आलीय, काल पट्टी लावून बघितली, बरोबर 21 इंच.

आपली एक वाचक,
शाहूपुरी, सातारा