वितळणे वेगळे, सुटणे वेगळे

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतल्या लेखात ‘प्लॅस्टिक वितळवले की मूळ मोनोमर परत मिळतो’ असे वाक्य आहे. मोनोमर म्हणजे ज्या लहान रेणूंच्या कड्या जोडून प्लॅस्टिकची साखळी बनते, तो सुटा रेणू. इंजेक्शन मोल्डिंगच्या मशीनवर माझी 31 वर्षे गेली, म्हणजे प्लॅस्टिक वितळवणे हाच माझा धंदा. हॉपरमध्ये पॉलिथिनचा दाणा ओतला आणि नोझलमधून त्याचा मोनोमर, इथिलीन वायू, आला, असे एकदाही झाले नाही. झाले असते तर हे पत्र लिहायला मी उरलो नसतो!

इथिलीनच्या रेणूत दोन कार्बन दुहेरी बंधाने बांधलेले असतात. त्यातला एक बंध उघडला की दोन्ही कार्बनचा एकेक हात मोकळा होतो आणि शेजारच्या रेणूला धरतो. असे हजारो रेणू एकापुढे एक लागले की झाले पॉलिथिन. एका हायड्रोजनच्या जागी क्लोरीन असेल तर पीव्हीसी, बेंझीनचे कडे असेल तर पॉलिस्टायरीन. वितळवताना या साखळ्या एकमेकींवरून घसरतात, एवढेच. कड्या जागच्या जागी.

पीईटीचे, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांच्या प्लॅस्टिकचे, निराळे. टेरेफ्थॅलिक आम्ल आणि इथिलीन ग्लायकॉल जुळताना दर सांध्याला पाण्याचा एक रेणू निसटतो. तापलेल्या मालात तेच पाणी पुन्हा शिरले की सांधा उकलतो. हे मला एका रात्रपाळीने शिकवले. ड्रायरचा हीटर बंद पडला होता, माझ्या लक्षात आले नाही. एरवी 160 अंशांवर चार-पाच तास सुकवायचा दाणा तसाच ओला गेला. नोझलमधून माल पातळ होऊन गळू लागला. निघालेला तुकडा वाकवून पाहिला तर कट्‌कन मोडला. साखळ्या आखूड झाल्या होत्या. तरी मोनोमर काही हाती लागला नाही. त्यासाठी पीईटी मिथेनॉल किंवा ग्लायकॉलबरोबर मुद्दाम तापवावे लागते.

पॉलिथिनला असा उकलणारा सांधाच नाही. हवा लागू न देता 400 अंशांच्या वर नेले तर साखळी वाटेल तिथे तुटते आणि मेण, तेल, वायू अशी खिचडी मिळते.

अॅक्रिलिक मात्र तापवले की टोकापासून उसवत जाते आणि बहुतांश मोनोमर खरोखरच परत देते. लेखकाच्या वाचनात हेच आले असावे आणि छापताना ‘अॅक्रिलिक’ हा शब्द गळला असावा.

आपला,
एक निवृत्त मशीन ऑपरेटर