‘विमान घसरले’ या शब्दाविषयी : नागरी विमान वाहतूक राज्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्री. मुरलीधर मोहोळ,
केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात एखादे विमान धावपट्टी ओलांडून पुढच्या चिखलात रुतले की काही तासांतच कंपनीचे निवेदन येते. मुसळधार पाऊस होता, विमान घसरले, सर्व प्रवासी सुखरूप आहेत, तपासात पूर्ण सहकार्य करू. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तोच शब्द छापून येतो, ‘घसरले’. या एका शब्दाने दोष पावसावर जातो आणि पुढचे प्रश्न कुणी विचारत नाही. विमान कुठे टेकले? किती वेगाने? वारा कुठून होता?

उतरताना बोइंग ७३७ चा वेग १४० नॉटच्या आसपास असतो, म्हणजे सेकंदाला ७२ मीटर. चाके टेकायच्या आधी विमान पाच सेकंद जास्त तरंगत राहिले, तर ३६० मीटर धावपट्टी ब्रेक लागायच्या आधीच संपते. मागून १० नॉटचा वारा असेल तर थांबायला साधारण पाचवा हिस्सा जागा जास्त लागते. ओल्या धावपट्टीसाठी नियम १५ टक्के जादा लांबी धरायला लावतो. ती राखीव जागा या काही सेकंदांत खाल्ली जाते. धावपट्टीवर ३ मिलिमीटरहून जास्त पाणी साचले की तिची प्रत (कोरडी धावपट्टी ६, सर्वात निसरडी ०) ५ वरून थेट २ वर येते. पाऊस कारण असतोच, पण एकटा क्वचित.

७ ऑगस्ट २०२० चा कोझिकोडचा अपघात घ्या. दुबईहून आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान पाठीमागच्या वाऱ्यात उतरले आणि ८८५८ फुटांच्या धावपट्टीवर ४४३८ फूट आत टेकले. निम्मी धावपट्टी मागे पडली होती. टेबलटॉपच्या, म्हणजे डोंगरमाथा सपाट करून बांधलेल्या धावपट्टीच्या, कडेवरून ते खाली कोसळले आणि २१ माणसे गेली, त्यात दोन्ही वैमानिकही होते. सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे म्हटले होते. मंगळूरला २२ मे २०१० रोजी असेच झाले होते. ८०३३ फुटांच्या धावपट्टीवर विमान सुमारे ५२०० फुटांवर टेकले, तिथेही सहवैमानिकाने ‘गो अराउंड’ म्हटले होते, आणि १५८ जण मृत्युमुखी पडले. त्या चौकशीचे प्रमुख पुण्याचे एअर मार्शल भूषण गोखले होते. दहा वर्षांनी तेच सगळे पुन्हा घडले, याची बोच आम्हाला आजही आहे.

कोझिकोडचा अहवाल वैमानिकाच्या चुकीवर थांबला नाही, हे त्याचे मोल. कप्तानाच्या बाजूचा वायपर उतरण्याच्या पहिल्या प्रयत्नात बंद पडला होता. कंपनीच्या कोझिकोड तळावर २६ सहवैमानिकांमागे एकच कप्तान नेमलेला होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणाची जबाबदारीही अपघातग्रस्त विमानाच्या कप्तानावर होती. मुसळधार पावसात दुसऱ्या विमानतळाकडे वळायचे की नाही हे ठरवताना माणसाच्या मनावर काय ओझे असते, ते ड्यूटीच्या तक्त्यावरून कळते. कंपनीच्या पहिल्या निवेदनात तो तक्ता कधीच नसतो.

सप्टेंबर १९९९ मध्ये बँकॉकला क्वांटासचे जंबो जेट धावपट्टीच्या पुढे सुमारे २२० मीटर जाऊन गोल्फच्या मैदानात थांबले. पाऊस जोरात होता, हे खरेच. पण वेग कमी करणारे पंखांचे फ्लॅप पूर्ण न उघडता २५ अंशांवर ठेवून उतरायचे आणि रिव्हर्स थ्रस्ट (इंजिनाचा उलटा जोर) फक्त आयडलवर, म्हणजे किमान पातळीवर, ठेवायचा, ही कंपनीची रोजची पद्धत होती. कोरड्या धावपट्टीवर ती चालून जायची. तपासात ती पद्धत आणि त्यावरचे अपुरे प्रशिक्षण उघडे पडले. विमान मात्र प्रचंड खर्च करून दुरुस्त केले गेले आणि पुन्हा उडवले. एकही जेट गमावले नाही हा कंपनीचा लौकिक शाबूत राहिला.

बँकॉकलाच २०१३ मध्ये थाई एअरवेजचे एअरबस धावपट्टीबाहेर गेले, तेव्हा कामगारांनी त्यावरचे नाव आणि शेपटीवरचे बोधचिन्ह काळ्या रंगाने झाकले. हा स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या जागतिक गटाचा नियम आहे, असे सांगण्यात आले. अलायन्सने ते नाकारले. अपघातग्रस्त विमान हा पुरावा असतो. तपास अधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळेपर्यंत त्याला ब्रश लागता कामा नये.

विमान पुढे गेलेच तर तिथे काय असते, हेही पाहायला हवे. मंगळूरला विमानाचा उजवा पंख लोकलायझर अँटेनाच्या (उतरणाऱ्या विमानाला धावपट्टीची मध्यरेषा दाखवणाऱ्या रेडिओ यंत्रणेच्या) काँक्रीटच्या चौथऱ्यावर आदळला. डिसेंबर २०२४ मध्ये दक्षिण कोरियातल्या मुआनला पोटावर उतरलेले जेजू एअरचे विमान लोकलायझरच्याच काँक्रीट भरलेल्या बांधावर फुटले आणि १७९ माणसे गेली. धक्क्याने मोडून पडेल असा हलका सांगाडा लावणे काही अवघड काम नाही.

धावपट्टीच्या पुढे जिथे २४० मीटर मोकळी जागा मिळत नाही तिथे ईमास घालता येते. चाकांखाली चुरडणाऱ्या हलक्या सिमेंटच्या लाद्यांचा हा थर साधारण ७० नॉटपर्यंतच्या वेगाचे विमान थांबवतो. अमेरिकेत बरबँकला २००० साली साउथवेस्टचे विमान कुंपण तोडून रस्त्यावर, पेट्रोल पंपाजवळ गेले होते. डिसेंबर २०१८ मध्ये त्याच कंपनीचे दुसरे विमान तिथेच पुढे गेले आणि ईमासमध्ये रुतून थांबले. कोझिकोडचे विमान ८० नॉटहून जास्त वेगात बाहेर पडले होते. ते पूर्ण थांबले असते असा दावा आम्ही करत नाही. पण कडेवरून ते किती वेगाने गेले असते, यातच कितीतरी जिवांचा फरक होता.

साहेब, विमानातल्या नोंदी कंपनीला काही तासांत वाचता येतात. आमची मागणी अशी की धावपट्टी ओलांडल्याच्या प्रत्येक घटनेनंतर सात दिवसांत एएआयबीने (विमान अपघात तपास संस्था) पाच आकडे जाहीर करावेत : विमान कुठे टेकले, तेव्हाचा वेग, वाऱ्याची दिशा आणि जोर, धावपट्टीची त्या वेळची प्रत, रिव्हर्स आणि ब्रेक केव्हा लागले. वैमानिकांचे संभाषण त्यात नको, नावेही नकोत. एएआयबी आणि डीजीसीए (नागरी विमान वाहतूक महासंचालनालय) दोन्ही आपल्याच मंत्रालयाखाली आहेत, तेव्हा हे आदेश काढायला दुसऱ्या कुणाची वाट पाहावी लागणार नाही.

आणि लोकलायझरखाली अजून काँक्रीट असलेल्या भारतातल्या विमानतळांची यादी, कोणता चौथरा कधी निघणार त्या तारखांसह, येत्या पावसाळ्याआधी प्रसिद्ध करावी.

आपले,
उड्डाण आणि देखभाल क्षेत्रात काम करणारे काही नागरिक