ताई, तो प्रश्न बदलायला लावलात म्हणून

ताई, नमस्कार.

फोनवर दोनदा थँक्यू म्हणून झालं, दोन्ही वेळा तुम्ही "राहू द्या हो" म्हणत विषय बदललात, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, गावाचंही नाही, गाव कळलं की बाया कळतात हे तुम्हीच सांगितलंय.

ऊसतोड बायांच्या गर्भपिशवीच्या ऑपरेशनांवर अभ्यास करायला मी तुमच्या गावात आले तेव्हा माझ्याकडे फक्त आकडा होता. 2019 साली सरकारने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. केवढा मोठा आकडा! पण बाई ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचते कशी हे त्यातून कळत नाही, ते तिच्याच तोंडून ऐकावं लागतं, आणि कसं ऐकायचं हे एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणाच्या) वर्गात मला अर्धंच कळलं होतं. प्रोटोकॉल लिहिला, एथिक्स कमिटीची मंजुरी घेतली आणि फील्डवर्क ठेवलं नोव्हेंबरात. गाव रिकामं. दारांना कुलपं, म्हातारी माणसं आणि मागे ठेवलेली शाळेची पोरं तेवढी दिसली. तुम्ही गावातल्या आशा सेविकेचं काम करून दमून आला होतात, तरी चहा ठेवलात आणि म्हणालात, "तोडीच्या टोळ्या दसऱ्याच्या पुढंमागं जातात, गुढीपाडव्याला माणसं परत यायला लागतात, तेव्हा या." एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कुणी आधी गावात विचारलीच नव्हती.

पाडव्यानंतरचा पहिला इंटरव्ह्यू तर मी कधीच विसरणार नाही. मी विचारलं, तुम्ही पिशवी का काढली? ती म्हणाली, "डॉक्टरनं सांगितलं," आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. सगळं मिळून सात मिनिटांचं रेकॉर्डिंग. परत येताना तुम्ही म्हणालात, "का काढली असं विचारलं की तिला वाटतं आपण जाब विचारतोय, त्यापेक्षा तिला तोडीवरचा दिवस विचारा की." त्या रात्री सगळा इंटरव्ह्यू गाइड बदलला आणि पहिला प्रश्न लिहिला, तोडीवरचा एक दिवस सांगा, उठल्यापासून.

दुसऱ्या दिवशीची बाई दीड तास बोलली. अंधारात उठून कोपीतला, म्हणजे तोडीवरच्या झोपडीतला, स्वयंपाक, मग फड, मग डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं, फडात ना संडास ना पाणी, त्यातच पाळी, पाळीचं कापड धुवायची सोय नाही. पांढरं जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं, तरी दवाखान्यात जायचं म्हणजे खाडा, आणि नवराबायको मिळून एक कोयता, म्हणून पैसे कापले जातात ते दोघांच्या उचलीतून, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांतून. मग कुणीतरी कॅन्सरची भीती घातलेली. मी पिशवीचं नावही काढलं नव्हतं, तीच बोलत बोलत तिथे आली. आणि तुम्ही तेवढा वेळ तिच्या सासूला शेळ्या दाखवा म्हणत गोठ्यात घेऊन गेला होतात, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

संमतीपत्राचंही तसंच. मी अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे करायचे आणि बाया हात मागे घ्यायच्या. उचल घेताना मुकादमाकडे, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडे, अंगठा द्यावा लागतो, हे तुम्ही कानात सांगितलंत. मग कमिटीला पत्र लिहून तोंडी संमती रेकॉर्ड करायची परवानगी घेतली.

बारा इंटरव्ह्यू झाले आणि मला वाटलं आता पुरे, नवीन काही येत नाहीये. 2006 च्या एका गाजलेल्या पेपरमध्ये 60 मुलाखती तपासून तेच म्हटलंय, पहिल्या बारामध्येच बहुतेक मुद्दे येऊन जातात, मी तो आधार धरून बसले होते. पण तो हिशोब बऱ्यापैकी एकसारख्या गटाचा आहे. तुम्ही यादी बघितलीत आणि विचारलंत, "यात अर्धा कोयता कुठंय?" नवरा वारलेल्या, टाकून दिलेल्या, एकट्या तोडीला जाणाऱ्या बाया. त्यांच्याकडे गेलो आणि पुन्हा सगळं नवीन ऐकू यायला लागलं.

कोडिंग करताना, म्हणजे मुलाखतींतल्या वाक्यांना मुद्द्यांची नावं देताना, मात्र तुमची खरी आठवण आली. इंग्रजी ट्रान्सक्रिप्टमध्ये सगळीकडे एकच क्रियापद पडलं होतं. मराठी रेकॉर्डिंग परत ऐकलं तर एक म्हणते "काढली", दुसरी "काढावी लागली", तिसरी "काढायला लावली", आणि एक तर "काढून टाकली एकदाची". चार बायांच्या चार गोष्टी आहेत या, माझ्या मते सगळ्या अभ्यासाचा जीव त्यातच आहे! म्हणून भाषांतर बाजूला ठेवलं आणि मराठीतच कोडिंग केलं, वेळ दुप्पट लागला पण लागू दे.

ताई, तुमचं नाव रिपोर्टमध्ये घालू का विचारलं तर नको म्हणालात, ठीक आहे. पण मानधनाच्या रकान्यात आम्ही तुम्हाला "स्थानिक मदतनीस" लिहिलं होतं ते मला सलतं. अभ्यासाची आखणी तुम्ही केलीत, पुढच्या प्रपोजलमध्ये तसंच लिहिलंय आणि पैसेही त्याप्रमाणे धरलेत.

रिपोर्ट मराठीत छापून घेतेय, मोठ्या टायपात. टोळ्या जायच्या आत, दसऱ्याच्या आधी घेऊन येते, तुमच्या अंगणात त्या बायांना वाचून दाखवू. जिथे चूक आहे तिथे त्या बोलतील, मी पेन घेऊन बसते.

तुमची,
पुण्याची ताई (तुमच्या फोनमध्ये हेच नाव आहे ना?)