चिठ्ठीवरचा मजकूर हेही राजकारणच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला संग्रहालयांवरचा लेख वाचला. 'संग्रहालयांनी राजकारणापासून लांब राहावे, वस्तूंना बोलू द्यावे' असा त्याचा निष्कर्ष आहे. तो वाचल्यापासून डोके तापले आहे. वस्तू बोलत नाहीत, त्यांच्याखाली चिठ्ठी लावणारा बोलतो. तो काय सांगतो आणि काय गाळतो, हे आमच्या घराने अनुभवले आहे.

माझे आजोबा काळाराम मंदिर सत्याग्रहात होते, म्हणजे अस्पृश्य ठरवलेल्यांना मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या लढ्यात. २ मार्च १९३० ला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशकात मिरवणूक निघाली, ती मंदिरापाशी पोचली तेव्हा दरवाजे बंद होते. दुसऱ्या दिवसापासून सत्याग्रहींच्या तुकड्या चारही दरवाजांसमोर बसू लागल्या. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावाहून आजोबा पायी आले होते आणि त्यांच्याजवळ एक पितळी तांब्या होता. हव्या त्या पाणवठ्यावर पाणी घ्यायची सोय नव्हती, म्हणून माणूस आपले पाणी आपल्याबरोबर घेऊन निघे. तांब्याच्या गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांनी आजोबांचे नाव आणि गाव कोरलेले आहे. कोरणाऱ्याचा अंदाज चुकला असावा, शेवटची दोन अक्षरे अगदी बारीक, एकमेकांत घुसलेली आहेत. एका बाजूला पोचा आहे. त्या वर्षी रामनवमीला रथाच्या वेळी सत्याग्रहींवर दगडफेक झाली, त्यातला तो, असे आजी सांगायची. तिने तो पोचा कधी काढून घेऊ दिला नाही.

वडील गेल्यावर आम्ही भावंडांनी विचार करून तांब्या एका संग्रहालयाला दिला. संग्रहालयाचे नाव इथे लिहीत नाही. सोबत दोन पानांचे टिपण दिले आणि आजोबांचा एक फोटो दिला. तांब्या मांडल्याचे कळल्यावर माझ्या आत्याला घेऊन गेले. तिचे वय ऐंशीच्या पुढे, जिना चढताना मध्ये दोनदा बसावे लागले. काचेच्या कपाटात पुरणयंत्र, अडकित्ता, पानाचा डबा आणि त्यांच्या शेजारी आमचा तांब्या. खाली चिठ्ठी: 'पारंपरिक पितळी तांब्या. ग्रामीण महाराष्ट्र. विसावे शतक.' आत्या काचेला नाक लावून बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "बाचं नाव भिंतीकडं केलंय गं यांनी." नावाची बाजू मागे होती आणि पोचाही. दर्शनी बाजूला घासून लखलखीत केलेले पितळ तेवढे दिसत होते.

तिथल्या अधिकाऱ्यांना भेटले. त्यांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला, आत्याची चौकशी केली. वागण्यात कसलीही खोट नव्हती. मग म्हणाले, "मॅडम, वाद होईल असा मजकूर आम्ही टाळतो. इथे शाळांच्या सहली येतात." टिपणाचे काय झाले विचारले, तर ते फाइलला लावले आहे. तांब्या परत मागितला, तर दिलेली वस्तू परत मिळत नाही. लेखी अर्ज केला, त्याला आजपर्यंत उत्तर नाही.

शाळेच्या सहली येतात म्हणूनच तर ते लिहायला हवे! मी आयुष्यभर शाळेत शिकवले. सातवीतल्या मुलाला दरवाजे कोणी बंद केले होते हे सांगितले तर त्याचे काही बिघडत नाही. हा सत्याग्रह पाच वर्षे चालला, तरी दरवाजे उघडले नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात 'मी हिंदू म्हणून मरणार नाही' अशी घोषणा केली. येवला काही परमुलखात नाही, आपल्याच जिल्ह्यात आहे. हे सगळे वगळून 'पारंपरिक' हा एक शब्द लिहिला, तर तो निर्णय राजकीय नाही असे आपले लेखक म्हणणार का? ज्यांनी दरवाजे लावले त्यांची सोय त्या चिठ्ठीने परस्पर करून टाकली.

लेखकांना दूरची उदाहरणे हवी असतील तर ती कमी नाहीत. वाघनखे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आणायची तर करारावर सही करायला २०२३ मध्ये आपले मंत्री लंडनला गेले. ती २०२४ च्या जुलैत साताऱ्याला आली, तीही तीन वर्षांपुरती. त्यांच्या पेटीवर ती शिवरायांची असल्याचे इंग्रजीत लिहिलेले आहे, आणि तेच लंडनचे संग्रहालय सांगते की याची खात्री करता येत नाही. म्हणजे पुन्हा प्रश्न चिठ्ठीचाच. ब्रिटिश म्युझियमला तर आपल्या संग्रहातल्या वस्तू सहजासहजी परत देता येऊ नयेत अशी तरतूद १९६३ च्या कायद्यातच आहे. कायदा संसद करते, आणि संसदेत राजकारणच होते. एवढे लांब जायचे नसेल तर आपल्या जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला जा. १९०६ साली तिथे क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला आहे. त्याने शत्रूची नाणी वितळवली नाहीत, त्याच नाण्यांवर आपले नाव उमटवले, म्हणजे ती ज्याच्या हातात पडतील त्याला कोण जिंकले ते कळावे. जुन्या वस्तूवर कोणाचे नाव दिसणार यातले राजकारण नाशिककरांना तेव्हापासून ठाऊक आहे.

जाता जाता त्याच पानावरच्या दुसऱ्या मजकुराबद्दल. रॉक गायकांच्या आत्मचरित्रांवर एक चौकट आहे. 'नशा, भानगडी आणि पैसा' एवढ्यासाठीच तरुण मुले ही पुस्तके घेतात, असे त्यात म्हटले आहे. माझ्या मुलाच्या कपाटातली अशी काही पुस्तके मी वाचली आहेत. अमेरिकन रॉक गायिका पॅटी स्मिथ १९६७ साली न्यूयॉर्कला आली तेव्हा उपाशी होती, बागेत झोपत होती. मित्र मरणाच्या दारात असताना तिने त्याला शब्द दिला होता की आपल्या दोघांची गोष्ट मी लिहीन. ती तिने लिहिली आणि २०१० मध्ये त्या पुस्तकाला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. ब्रूस स्प्रिंगस्टीनने वडिलांच्या मनाच्या आजाराबद्दल आणि स्वतःच्या नैराश्याबद्दल काही हातचे न राखता लिहिले आहे. भानगडींसाठी हे कोण वाचेल? अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला १९९५ पासून रॉक संगीताचे मोठे संग्रहालय आहे. तिथे या मंडळींच्या गिटारी आणि कपडे काचेत ठेवलेले आहेत. तरी लोक पुस्तके घेतात, कारण पुस्तकात आपली चिठ्ठी माणूस स्वतः लिहितो. दया पवारांचे 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ मध्ये आले तेव्हा आमच्या घरात ते याच ओढीने हातोहात फिरले होते. माझ्या वडिलांनी ते रात्रभर जागून वाचून काढले. आजोबांना लिहिता येत नव्हते. येत असते तर त्या दोन पानांच्या टिपणासाठी मला कोणाच्या फाइलवर अवलंबून राहावे लागले नसते.

आपल्या लेखकांनी पुढच्या लेखाआधी नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या संग्रहालयात जाऊन नुसत्या चिठ्ठ्या वाचाव्यात, अशी विनंती. मागे माझ्या पत्राचा अर्धा भाग जागेअभावी कापला गेला होता. या वेळी कापायची वेळ आली तर लंडन आणि न्यूयॉर्कचा मजकूर कापा, १९३० चा राहू द्या.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, नाशिकरोड