जुन्या व्हॅनचे फिरते घर करताना

महोदय,
पानशेत, पवनेच्या काठी मुक्कामासाठी जुन्या प्रवासी व्हॅनचे फिरते घर करण्याची हौस चांगलीच. पण बहुतेक जण थेट प्लायवूड कापायला घेतात. आधी रबरी मॅट उचलून पत्रा बघावा. आपल्या पावसात गंज चाकांच्या कमानींपाशी आणि पायरीखाली दडून बसतो.

खरी फसगत वायरिंगमध्ये. १२ व्होल्टच्या फ्रिजपर्यंत १ चौरस मिमीची घरगुती वायर ५ मीटर ओढली, तर ५ अँपिअरला जाऊन-येऊन सुमारे ०.९ व्होल्ट वाटेतच मुरतात. बॅटरी भरलेली, तरी फ्रिज बंद. आणि बोल लागतो बिचाऱ्या फ्रिजला! ४ चौरस मिमीची तांब्याची वायर घ्यावी, फ्यूज बॅटरीच्या धन टोकालगतच बसवावा. एलपीजी हवेपेक्षा जड, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याचा झरोका तळाशी, गाडीबाहेर उघडणारा हवा.

सीट काढून रचना बदलायची तर मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ची, म्हणजे बदलासाठी आरटीओची मंजुरी घेण्याची, अट आहे. पुणे आरटीओने त्यासाठी लागणाऱ्या कागदपत्रांची मराठी यादी दर्शनी भागात लावावी, एवढीच विनंती.

– एक वाचक, कोथरूड, पुणे