गाडी गुहागरच्या शेवटच्या वळणाच्या मापाची घे

विलेपार्ले, मुंबई

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार. जुनी बस घेऊन तिचं फिरतं घर करायचा तुझा बेत कळला. बसचे फोटो मिळाले आणि तू काढलेला आतल्या मांडणीचा नकाशाही. मागे काकूंचा पलंग, मध्ये ओटा, शेजारी कमोडचं संडास. नकाशा बघताना फार बरं वाटलं. काकूंना उकिडवं बसता येत नाही म्हणून गेली कित्येक वर्षं त्यांनी लांबचा प्रवास टाळला, हे मला ठाऊक आहे. त्यांना गुहागरला व्याडेश्वरासमोर आणि हेदवीला दशभुजा गणपतीसमोर उभं करायचं तुझ्या मनात आलं, यासाठी तुला शाबासकीच द्यायला हवी. बेत सोडू नकोस. पण ही १२ मीटरची बस घेऊ नकोस. टोकन देण्याआधी हे पत्र एकदा पुरतं वाच.

नियमांत बसते का, असं तू विचारलंस. मापाने बसते. केंद्रीय मोटार वाहन नियमांत रुंदी २.६ मीटरपर्यंत चालते, आणि १२ मीटर लांबीलाही हरकत नाही. पण नियम लिहिणाऱ्यांसमोर सगळा देश होता. तुझ्यासमोर चिपळूणहून गुहागरकडे जाणारा रस्ता आहे, आणि त्याहून जास्त, देवळाच्या आधीचे दोन-तीन किलोमीटर. माझं आयुष्य रस्त्यांच्या आखणीत गेलं, म्हणून मी तिथूनच उलटा मोजत येतो.

गाडी वळते तेव्हा मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेवरून जात नाहीत, ती आतून कापतात. किती कापतात याचा आम्ही वापरतो तो हिशेब सोपा आहे: पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचा, म्हणजे व्हीलबेसचा, वर्ग, भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. डोंगरातल्या हेअरपिनची, म्हणजे गाडी जवळजवळ उलटी फिरवणाऱ्या वळणाची, आतली त्रिज्या किमान १४ मीटर असावी असं रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक आहे. तुझ्या बसचा व्हीलबेस ६ मीटर धर. ३६ भागिले २८, म्हणजे जवळजवळ १.३ मीटर. गाडीची रुंदी २.६, त्यात हे १.३ मिळव. वळताना तुला ३.९ मीटर रस्ता लागला, आणि एकपदरी डांबरी रस्त्याची प्रमाण रुंदीच ३.७५ मीटर असते! म्हणून वळणावर रस्ता जादा रुंद करायचा असतो. नव्या रस्त्यांवर करतातही. जुन्या घाटांत एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असते, तिथे ही जादा रुंदी दर वळणाला मिळेलच असं नाही.

आता हाच हिशेब ट्रॅव्हलर व्हॅनसारख्या छोट्या गाडीचा कर. तिच्या ३३५० म्हणतात त्या मॉडेलचा व्हीलबेस ३.३५ मीटर. ती आतून कापते फक्त ४० सेंटीमीटर. रुंदी सव्वादोन मीटर धरली तरी सगळं मिळून २.६५ होतं. समोरून दुचाकी आली तर दोघांनाही श्वास घ्यायला जागा उरते. व्हीलबेस दुपटीहून कमी वाढतो आणि कापणं तिपटीहून जास्त वाढतं. सगळा फरक त्या वर्गात आहे. शोरूमच्या मोकळ्या आवारात तो कुणालाच दिसत नाही.

तू लगेच म्हणशील, एसटी जाते ना? जाते, आणि त्या चालकांना मी मनापासून मानतो. पण ती कशी जाते ते बघ. चालकाला प्रत्येक वळण पाठ असतं. कुठे हॉर्न द्यायचा, कुठली मोरी उंच आहे, कुठल्या झाडाची फांदी खाली आली आहे, समोरची गाडी कुठल्या पट्टीवर थांबेल, सगळं ठाऊक. गाडी मागे घ्यायची झाली की कंडक्टर खाली उतरून शिट्टी वाजवतो. गावालाही गाडीची वेळ माहीत असते, त्या वेळेला रिक्षावाला वळणाच्या अलीकडेच थांबतो. तुझ्यापाशी यातलं काही असणार नाही. तुझ्या गाडीत असेल पाण्याची भरलेली टाकी, सिलिंडर आणि काकू. आणि एसटीसुद्धा सगळीकडे मोठीच गाडी नेत नाही. कर्जतहून माथेरानच्या घाटात तिने मिनीबस घातली. आपल्या बेस्टने २०१९ मध्ये भाडेतत्त्वावर गाड्या घेतल्या, त्यांतही छोट्या गाड्या होत्या. रोज लाखो माणसं वाहणारे लोक रस्ता बघून गाडी निवडतात.

समोरून एसटी आलीच तर? साडेपाच मीटरच्या रस्त्यावर २.६ च्या दोन गाड्या म्हणजे ५.२. उरले ३० सेंटीमीटर, आणि आरसे त्यात धरलेलेच नाहीत. एकाला साइडपट्टीवर उतरावंच लागतं. पावसाळ्यात कोकणातली साइडपट्टी म्हणजे तांबडा चिखल, त्यापलीकडे गटार किंवा चिऱ्याचा गडगा. भरलेली जड गाडी तिथे उतरवायची वेळ तुझ्यावर येऊ नये असं मला फार वाटतं.

फेरीबोटीचंही बोलून ठेवतो, कारण तू दाभोळ–धोपावे मार्ग लिहिला आहेस. मार्ग सुंदर आहे, काकूंना खाडी दिसेल. पण ओहोटीला पाणी उतरलं की धक्का आणि बोटीची फळी यांच्यातला कोन बदलतो. मागच्या चाकांमागे लटकणारा भाग लांब असला की तो तिथे टेकतो. नियमाने हा भाग व्हीलबेसच्या ६० टक्क्यांपर्यंत असू शकतो, म्हणजे तुझ्या बसला ३.६ मीटरपर्यंत. आणि नकाशात सांडपाण्याची टाकी तू नेमकी त्याच भागाखाली दाखवली आहेस.

उंची तू कुठेच लिहिली नाहीस. छतावर एसी आणि सोलर पॅनल आले की मूळ बसच्या उंचीत वाढ होणारच. महामार्गावरच्या पुलांखाली काही होणार नाही, तिथे पाच-साडेपाच मीटर मोकळी जागा ठेवायची असते. अडचण येते ती गावच्या कमानीशी, आमराईत आणि रस्त्यावरून घराकडे ओढलेल्या वायरींशी. मुंबईत जुन्या पुलांपाशी आणि सबवेंच्या तोंडाशी लोखंडी आडवे बार लावलेत. ते बघितल्यावर मागे वळायला जागा नसते, मागे गाड्यांची रांग लागलेली असते.

मुंबईचं निघालं म्हणून सांगतो. ही गाडी उभी कुठे करणार? इथे मोठ्या गाडीसाठी पार्किंगचं माप अडीच बाय साडेपाच मीटर धरतात. बस तर त्या चौकटीपेक्षा रुंदच आहे, आणि लांबीला दोन जागा पुरत नाहीत. तुमच्या सोसायटीच्या फाटकातून ती वळणार नाही हे मी न मोजता सांगतो. रस्त्यावर लावलीस तर रोज कुणाशी तरी वाद. शहरात जड वाहनांवर गर्दीच्या वेळांचे निर्बंध आहेत, म्हणजे घरातून निघायची वेळही गाडी ठरवणार. शिवाय तुझं लायसन्स हलक्या वाहनाचं आहे. ते ७,५०० किलोपर्यंतच चालतं. बस त्याच्या कितीतरी वर जाते.

कागदांचा एक मुद्दा. जुनी बस घेऊन गॅरेजवाल्याकडून घर बांधून घ्यायचं तुझ्या डोक्यात आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे आणखी स्पष्ट केलं. मोटर कॅराव्हॅनसाठी, म्हणजे अशा फिरत्या घरासाठी, एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्याप्रमाणे मंजुरी घेतलेल्या बांधणाऱ्याकडेच जा आणि पैसे देण्याआधी मंजुरीचा कागद बघ. नाहीतर पासिंगला गाडी अडकेल, आणि अपघात झाला तर विमा कंपनी नेमकं हेच बोट दाखवेल.

तर माझं म्हणणं असं: सहा मीटरच्या आतबाहेरची गाडी घे. पलंग एकच, पण पक्का आणि रुंद, काकूंचा. तू आणि वहिनी रात्री गावात खोली घ्या, किंवा मागे तंबू टाका. संडास ठेवच, त्यावर तडजोड नको, त्याच्यासाठीच तर हे सगळं आहे. ओटा काढून टाक. कोकणात पोटभर जेवायला घालणारी घरं पावलापावलावर आहेत. पायरी मात्र खाली उतरणारी बसवून घे, ठाण्याच्या त्या जत्रेत रिक्षात चढताना काकूंना किती त्रास झाला होता ते मी पाहिलंय.

येत्या रविवारी मी टेप घेऊन येतो. आधी तुमचं फाटक मोजू, मग काकूंना खुर्चीवर बसवून गुडघा किती वाकतो ते बघू, म्हणजे कमोडची आणि पायरीची उंची ठरेल. तोवर बसवाल्याला फोन करून थांब म्हण.

काकूंना नमस्कार, वहिनींना आणि मुलांना आठवण.

तुझाच,
प्रमोद